सिरियल यंत्र नेटवर्कवर आणताना: आधी तारेची बाजू, मग नेटवर्कची

वजनकाट्याचा इंडिकेटर, पॅनेलमधले वीजमीटर, प्रयोगशाळेतलं एखादं तपासणी यंत्र, जनरेटरचा कंट्रोलर ही सगळी मंडळी सिरियल पोर्टवरून बोलतात आणि अजून बरीच वर्षं तशीच बोलतील, कारण ती लवकर बिघडत नाहीत. बिघडतो तो त्यांच्या शेजारी धुळीत ठेवलेला कॉम्प्युटर. म्हणून कॉम्प्युटर तिथून उचलायचा आणि यंत्राजवळ एक छोटी डबी बसवायची. तिच्या एका अंगाला सिरियल पोर्ट असतो, दुसऱ्या अंगाला इथरनेटचं सॉकेट. हाच सिरियल डिव्हाइस सर्व्हर. मोक्सा, लँट्रॉनिक्स, डिजी, पर्ल या कंपन्यांच्या डब्या सगळीकडे दिसतात, बिननावाच्याही भरपूर मिळतात. मी पॅनेल आणि मोजमापाच्या उपकरणांची जोडणी करते. खाली लिहिलंय ते यांपैकी कुठल्याही डबीला चालेल, फक्त मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतील.

माझा आग्रह एकच आहे. डबीच्या दोन बाजू आहेत. दोन्ही वेगवेगळ्या तपासून पक्क्या झाल्याशिवाय एकमेकींना जोडायच्या नाहीत. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. यंत्र लावलं, नेटवर्कची केबल खुपसली, सॉफ्टवेअर चालू केलं, आणि मग 'डेटा येत नाही'. आता दोष वायरीत आहे, बॉड रेटमध्ये (सिरियल बोलण्याच्या वेगात) आहे, आयपी पत्त्यात आहे, फायरवॉलमध्ये आहे की सॉफ्टवेअरमध्ये, हे कुणालाच सांगता येत नाही. नेटवर्कवाले वायरमनकडे बघतात, वायरमन सॉफ्टवेअरवाल्याकडे बघतो, आणि दिवस जातो.

आधी यंत्राला एकटं गाठा

डबी अजून खोक्यातच राहू दे. लॅपटॉप, यूएसबी-ते-सिरियल अडॅप्टर, मल्टिमीटर आणि पुट्टी किंवा टेराटर्मसारखा एखादा टर्मिनल प्रोग्राम, एवढं घेऊन थेट यंत्रापाशी जा. पाच गोष्टी हव्यात: पोर्ट आरएस-२३२ आहे की आरएस-४८५ (सिरियल तारेची दोन मानकं), बॉड रेट किती, डेटा बिट सात की आठ, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जास्तीचा बिट) कोणती आणि स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारे) किती. सहावी गोष्ट मॅन्युअलमध्ये कोपऱ्यात लिहिलेली असते आणि नेमकी तीच वाचायची राहते: यंत्र आपणहून बोलतं की विचारल्यावरच? काटा बहुधा सतत वजन पाठवत राहतो. मीटर मात्र विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. मीटरसमोर कोरा टर्मिनल उघडून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आरएस-२३२ असेल तर मल्टिमीटर आधी बाहेर काढा. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये ५ नंबर ग्राउंड असतो. काळी प्रोब ५ वर ठेवा, लाल आधी २ वर आणि मग ३ वर. यंत्र गप्प असताना त्याच्या पाठवायच्या पिनवर उणे व्होल्टेज असतं, साधारण उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान. ऐकायची पिन शून्याच्या आसपास दिसते. या मानकात गप्प असण्याची, म्हणजे तर्कातल्या १ ची, पातळी उणे असते, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे. आता हेच माप डबीवर घ्या. डबी बहुतेक वेळा कॉम्प्युटरसारखी, म्हणजे ३ वर बोलणारी असते. यंत्र २ वर बोलत असेल तर सरळ केबल. दोघंही ३ वरच बोलत असतील तर २ आणि ३ अदलाबदल केलेली क्रॉस केबल, म्हणजे नल मोडेम. केबलवर काय छापलंय ते मी वाचत नाही, मीटर काय म्हणतो ते पाहते. जेंडर चेंजर आणि नल मोडेम अडॅप्टर बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. माझ्याकडच्या नल मोडेमवर लाल टेप आहे.

दोनच मिनिटं हँडशेकला. काही यंत्रं, विशेषतः जुने प्रिंटर आणि जुने इंडिकेटर, समोरून 'मी तयार आहे' असा इशारा मिळाल्याशिवाय एक अक्षरही पाठवत नाहीत. तीनच तारांची केबल असेल तर हा इशारा येणार कुठून? अशा वेळी यंत्राकडच्या कनेक्टरच्या आत ७ आणि ८ एकमेकांना जोडायच्या, आणि १, ४, ६ एकमेकांना जोडायच्या. यंत्राला त्याचाच इशारा परत मिळतो आणि ते बोलायला लागतं.

आरएस-४८५ चं प्रकरण वेगळं. इथे दोन तारांमधल्या फरकावर काम चालतं, म्हणून ते लांब जातं: कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत. एका जोडीवर ३२ युनिट लोड (एक लोड म्हणजे एका प्रमाणित यंत्राचा भार) बसतात. आजकालच्या अनेक चिप एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश लोडच्या असतात, म्हणून प्रत्यक्षात यंत्रं जास्तही बसू शकतात. तार एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सलग गेली पाहिजे. मधल्या टर्मिनल ब्लॉकवरून चार दिशांना फाटे फोडले की कमी वेगाला एखादवेळी चालून जातं आणि वेग वाढवला की रडतं.

ए आणि बी या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. मानकात ए ही उणे बाजू आहे, पण चिप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी ए हे नाव अधिक बाजूला दिलं आणि उपकरणवाल्यांनी कुणी याचं, कुणी त्याचं उचललं. डी अधिक आणि डी उणे असं छापलेलं असेल तर ते माना. नसेल तर एकदा सरळ लावून पाहा, एकदा उलट. उलट लागल्याने काही जळत नाही. मात्र आरएस-२३२ ची तार आरएस-४८५ च्या टर्मिनलला लावायची नाही, तिथली व्होल्टेज या पोर्टच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

टर्मिनेशनचे (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावायचे) १२० ओहमचे रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांना लागतात, मध्ये कुठेच नाहीत. हे तपासायला सगळ्या यंत्रांची वीज बंद करून जोडीवर ओहम मोजा. साठच्या आसपास आलं तर दोन्ही जागेवर आहेत. १२० आलं तर एकच आहे. ४० च्या आसपास आलं तर कुणीतरी मधल्या यंत्राचाही टर्मिनेशनचा स्विच चालू करून ठेवलाय. आता एकेक यंत्र उघडून शोधा. डबीतही असा स्विच किंवा जंपर असतो, आणि डबी टोकाला असेल तरच तो चालू करायचा. तिसरी, ग्राउंडची तार टाकायला कंजुषी करू नका. दोन इमारती किंवा दोन वेगळी अर्थिंग मध्ये येत असतील तर डबी आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवलेल्या, पोर्टचीच घ्या, नाहीतर अर्थिंगमधला फरक तुमच्या सिग्नलच्या तारेतून वाट काढतो.

आकडे अर्धे बरोबर येत असतील तर

या मुद्द्यावर जरा रेंगाळते, कारण इथे लोक तासन्‌तास अडकतात. बॉड रेट चुकला असेल तर पडद्यावर नुसता कचरा येतो, ते लगेच कळतं. पण समजा काट्यावरून वजन येतंय, त्यातले काही आकडे स्वच्छ दिसतायत आणि काहींच्या जागी भलतीच चिन्हं. लोक केबल बदलतात, शील्ड तपासतात, अर्थिंग तपासतात. दोष केबलचा नसतो.

कोणते आकडे बिघडतायत ते लिहून काढा. ०, ३, ५, ६, ९ नीट येतायत आणि १, २, ४, ७, ८ बिघडतायत? मग यंत्र सात डेटा बिट आणि सम पॅरिटीवर आहे, आणि तुम्ही आठ बिट, विनापॅरिटीवर ऐकताय. आकड्यांचे आस्की कोड (अक्षरांना दिलेले ठरीव क्रमांक) ४८ ते ५७ आहेत. ज्या कोडमध्ये एकची संख्या सम आहे त्यांचा पॅरिटी बिट शून्य येतो, म्हणून ते आठ बिटांतही बिनधास्त वाचले जातात. उरलेल्यांच्या डोक्यावर एक जास्तीचा बिट बसतो आणि ते १२८ च्या पलीकडची चिन्हं होऊन दिसतात. नेमके उलटे आकडे बिघडत असतील, तर पॅरिटी विषम. पहिल्या बाबतीत सेटिंग सात-सम-एक (सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट) केलं की सगळं जागेवर येतं. वजनकाट्यांच्या दुनियेत सात-सम-एक अजूनही बऱ्यापैकी भेटतं.

तसाच दुसरा एक छुपा त्रास. मॉडबसच्या (मीटरांशी बोलायच्या एका ठरलेल्या भाषेच्या) लाइनवर वीस मीटर आहेत, अठरा उत्तर देतात, आणि १७ आणि १९ क्रमांकाचे मात्र गप्प. ते मीटर बदलून पाहायच्या आधी डबीच्या पोर्ट सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांबवायची-सुरू करायची सोय) बघा. तिथे एक्सऑन-एक्सऑफ चालू असेल तर डबी १७ आणि १९ या मूल्यांचे बाइट 'चालू ठेव' आणि 'थांब' असे हुकूम समजते आणि गिळून टाकते. मीटरचं उत्तर त्याच्या क्रमांकाने सुरू होतं, म्हणून पहिला बाइटच गायब, आणि १९ च्या बाबतीत तर डबी पुढचं पाठवणंही थांबवते. बाकीच्या मीटरांच्या आकड्यांतही १७ किंवा १९ मूल्य आलं की तेवढं उत्तर फुकट जातं, आणि तो दोष मग 'अधूनमधून' येतो. बायनरी डेटा जाणार असेल तिथे फ्लो कंट्रोल 'काही नाही' ठेवा.

लॅपटॉपवर यंत्राचं बोलणं स्वच्छ दिसलं की सगळी सेटिंग कागदावर लिहा. तारेची बाजू झाली.

डबीला पत्ता देणं

हा भाग सोपा आहे. डबीवर लिहिलेला वीजपुरवठा वाचा. पॅनेलमध्ये बसणाऱ्या पुष्कळ डब्या १२ ते ४८ व्होल्ट डीसी घेतात आणि पॅनेलच्या २४ व्होल्टवर निवांत चालतात, पण काही निव्वळ ५ व्होल्टच्या असतात. त्यांना २४ दिलं की संपलं.

डबी स्विचवर न लावता थेट लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. वायफाय चालू असेल तर डबी शोधणारं सॉफ्टवेअर चुकीच्या नेटवर्ककडे हाका मारत बसतं. या हाका ब्रॉडकास्टने जातात, म्हणून राउटरच्या पलीकडे पोचत नाहीत आणि लॅपटॉपचं फायरवॉल उत्तर अडवू शकतं. सॉफ्टवेअरला डबी दिसलीच नाही तर मॅन्युअलमधला मूळ पत्ता वापरा. मोक्साच्या एनपोर्ट मालिकेतल्या बऱ्याच डब्यांचा तो १९२.१६८.१२७.२५४ असतो, लॅपटॉपला १९२.१६८.१२७.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० दिला की ब्राउझरमध्ये पान उघडतं. मूळ पत्ता नसलेल्या डब्या डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कने आपोआप पत्ता देण्याची, वाट पाहतात.

कायमचा पत्ता नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून मागून घ्या, तोही डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून पत्ता रिकामा आहे असं ठरवू नका. बरीच यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत, किंवा त्या वेळी बंद असतात. गेटवेही, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जायच्या दाराचा पत्ताही, नीट भरा. तो चुकला तर त्याच सबनेटमधून (नेटवर्कच्या त्याच तुकड्यातून) डबी छान दिसते आणि पलीकडच्या सर्व्हरवरून अजिबात नाही, मग फायरवॉलवर खापर फुटतं. मूळ पासवर्ड याच वेळी बदला. आणि सेव्ह केल्यावर रीस्टार्टचं बटण दाबायचं विसरू नका. कित्येक डब्यांत त्याशिवाय काहीच लागू होत नाही.

मोड निवडणं, इथे खरं डोकं लागतं

डबी काय करते ते आधी नीट समजून घेऊ. एका बाजूने आलेले बाइट ती जसेच्या तसे दुसऱ्या बाजूला ठेवते, पोस्टमन पाकीट न फोडता पोचवतो तसे. आत काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. मोड फक्त एवढंच ठरवतो की नेटवर्कच्या बाजूने कोण कुणाला हाक मारणार.

सॉफ्टवेअर जुनं आणि बंदिस्त असेल, त्याला कॉम पोर्टशिवाय (विंडोजमध्ये सिरियल पोर्टला देतात ते नाव) काही कळतच नसेल, तर आभासी कॉम पोर्ट हाच मार्ग. मोक्सा याला रिअल कॉम म्हणते, डिजी रिअलपोर्ट, पर्ल ट्रूपोर्ट. सर्व्हरवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा, तो एक खोटा कॉम पोर्ट तयार करतो आणि सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुने प्रोग्राम कॉम १ ते ४ पलीकडचे क्रमांक ओळखतच नाहीत, म्हणून ड्रायव्हरमध्ये लहान क्रमांक निवडा. आणि या मोडमध्ये बॉड रेट, पॅरिटी वगैरे सॉफ्टवेअर पोर्ट उघडताना स्वतः ठरवतं. डबीच्या वेबपानावर तुम्ही कितीही बदललंत तरी ते पुसलं जातं. 'मी तर ९६०० ठेवलंय' म्हणणाऱ्यांनी सॉफ्टवेअरची सेटिंग उघडावी. फायरवॉलमध्ये कोणते पोर्ट उघडायचे तेही बघा: मोक्साला ९५० आणि ९६६, डिजीला ७७१. हेच काम करणारं एक खुलं मानक १९९७ पासून आहे, आरएफसी २२१७. लिनक्सवरचं सेर-टू-नेट आणि पायथनचं पाय-सिरियल दोघंही ते जाणतात.

प्रोग्राम तुमच्या हातातला असेल तर आभासी पोर्टच्या वाटेला जाऊ नका. टीसीपी सर्व्हर मोड घ्या. डबी एका पोर्टवर वाट पाहते, प्रोग्राम सरळ जोडून घेतो: मोक्सावर सहसा ४००१, लँट्रॉनिक्सवर १०००१, डिजीवर २१०१. मध्ये ड्रायव्हर नाही, म्हणजे बिघडायला एक गोष्ट कमी. या मोडमध्ये मात्र सिरियल सेटिंग वेबपानावरचीच चालते. डबीला स्वतः हाक मारायची असेल, म्हणजे डबीकडून बाहेर जाता येतं पण आत येता येत नाही अशी जागा असेल, तर टीसीपी क्लायंट मोड. यूडीपी तेव्हा घ्या जेव्हा एकच माहिती अनेकांना द्यायची आहे आणि एखादा तुकडा हरवला तरी चालणार आहे. दोन डब्या समोरासमोर लावून फक्त लांब केबलचं काम करून घ्यायचं असेल तर त्यासाठी जोडीचा मोड असतो.

मॉडबसवाल्यांनी इथे थांबावं. साधा डिव्हाइस सर्व्हर म्हणजे मॉडबस गेटवे नव्हे. मॉडबस आरटीयूच्या, म्हणजे सिरियल तारेवरच्या मॉडबसच्या, संदेशाच्या शेवटी सीआरसीचे (चूक पकडणारे) दोन बाइट असतात. मॉडबस टीसीपीत सीआरसी नसते, त्याऐवजी पुढे सात बाइटांचा मथळा असतो आणि ठरलेला पोर्ट ५०२. स्काडामध्ये (यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'मॉडबस टीसीपी' निवडून साध्या डबीला जोडलं तर ती तो मथळाही इमानदारीने मीटरपर्यंत पोचवेल आणि मीटर ढिम्म राहील. स्काडात 'आरटीयू ओव्हर टीसीपी' असा पर्याय आहे का ते शोधा. असेल तर साधी डबी पुरे. नसेल तर भाषांतर करणारा गेटवे लागेल, मग ती वेगळी डबी किंवा त्याच डबीतला वेगळा मोड.

तुकडे आणि अडकलेली कनेक्शनं

९६०० बॉड, आठ बिट, विनापॅरिटी, एक स्टॉप: एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एकेक साधारण एक मिलिसेकंदाचं. काट्याचा १८ अक्षरांचा संदेश १९ मिलिसेकंद लांब असतो. डबी तो पूर्ण होण्याची वाट पाहीलच असं नाही. ती 'एसटी,जीएस, ००१' एका पॅकेटमध्ये टाकेल आणि '२.५ केजी' पुढच्यात. ज्या प्रोग्रामरने एका वाचनात पूर्ण संदेश येतो असं गृहीत धरलंय, त्याच्या पडद्यावर कधी बरोबर वजन येतं, कधी अर्धं. टीसीपी हा नुसता प्रवाह आहे, संदेशाची सुरुवात-शेवट त्याला माहीत नसते.

डबीत यासाठी दोन-तीन सेटिंग असतात. डिलिमिटर, म्हणजे अमुक अक्षर आलं की पॅकेट पाठव. काट्यासाठी शेवटचे सीआर आणि एलएफ, आकड्यांत १३ आणि १०, हे भरा. दुसरं, अमुक मिलिसेकंद शांतता झाली की पाठव. मॉडबस आरटीयूसाठी हेच योग्य, कारण तिथे संदेशाचा शेवट साडेतीन अक्षरांच्या शांततेने ओळखतात. ९६०० ला ती साधारण ४ मिलिसेकंद होते, आणि १९२०० च्या वर मानकात ती १.७५ मिलिसेकंद ठरवलेली आहे. मी शांतता थोडी जास्तच ठेवते. एवढं करूनही प्रोग्रामने बाइट साठवत राहून स्वतः संदेशाचा शेवट शोधलाच पाहिजे. वाटेतलं नेटवर्क पुन्हा तुकडे करू शकतं. आणि सॉफ्टवेअरमध्ये उत्तराची वाट पाहायचा वेळ, जो सरळ केबलवर १०० मिलिसेकंद पुरत होता, तो ५०० ते १००० करा.

दुसरी दुखरी जागा म्हणजे मेलेलं कनेक्शन. डबी मूळ सेटिंगमध्ये बहुधा एकाच क्लायंटला आत घेते. सर्व्हरची वीज गेली, तो निरोप न घेताच गेला. डबीच्या लेखी तो अजून जोडलेलाच आहे. सर्व्हर पुन्हा सुरू होऊन दार ठोठावतो आणि डबी म्हणते, जागा भरली. कुणीतरी पॅनेलपर्यंत जाऊन डबी बंद-चालू करतं आणि 'ही डबी हँग होते' अशी तिची बदनामी होते. इलाज डबीतच आहे: टीसीपी अलाइव्ह चेक किंवा कीप-अलाइव्ह नावाची वेळ एका मिनिटावर आणा. सर्व्हरच्या बाजूने भरवसा ठेवू नका, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत कीप-अलाइव्हची मूळ वेळ दोन तास असते. त्याच्याच शेजारी इनॅक्टिव्हिटी टाइम नावाचं एक सेटिंग असतं. ते वेगळं आहे. ते ठरावीक वेळ डेटा वाहिला नाही की चांगलं कनेक्शनही तोडतं. रात्रभर गप्प राहणाऱ्या यंत्रासाठी ते शून्य, म्हणजे बंद, ठेवा.

जोडून पाहणं

यंत्र लावायच्या आधी डबीच्या सिरियल पोर्टवर २ आणि ३ पिना एका तारेने जोडा. पुट्टीत डबीचा पत्ता आणि डेटा पोर्ट भरून 'रॉ' प्रकारचं कनेक्शन करा. 'टेलनेट' नको, ते स्वतःच्या वाटाघाटीचे बाइटही पुढे ढकलतं. लोकल एको बंद करा, नाहीतर स्वतःच टाइप केलेलं बघून आनंद व्हायचा. एक ओळ लिहून एंटर दाबा. ती परत आली तर नेटवर्क, पोर्ट क्रमांक, मोड आणि डबी, सगळं ठीक. तार काढली की ओळ परत यायची थांबली पाहिजे, तेही बघा.

आता यंत्र लावा. दोन्ही बाजू आधीच तपासलेल्या असल्यामुळे उरलेला दोष फक्त या जोडातच असू शकतो, आणि दिवे तो सांगतात. आरएक्सचा (डबी यंत्राचं ऐकतेय असं सांगणारा) दिवा लुकलुकतोय पण पडद्यावर काही नाही, तर यंत्र बोलतंय, सेटिंग किंवा मोड बघा. टीएक्सचा (डबी यंत्राला पाठवतेय असं सांगणारा) लुकलुकतोय आणि आरएक्स मेलेला, तर प्रश्न यंत्रापर्यंत जातोय पण उत्तर नाही: आरएस-४८५ वर तारा उलट, आरएस-२३२ वर सरळ-क्रॉसचा घोळ, किंवा चुकीचा स्लेव्ह क्रमांक (लाइनवरचा यंत्राचा क्रमांक). दोन्ही विझलेले असतील तर नेटवर्ककडून काही येतच नाहीये.

सगळं चालायला लागलं की 'घरून बघता यावं' म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करण्याची मागणी येते. करू नका. सिरियल यंत्राला पासवर्ड नसतो, जो पोर्टला जोडला तो यंत्राचा मालक. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी अशा १,१४,००० हून अधिक डब्या उघड्या इंटरनेटवर सापडल्याचं दाखवलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीजवितरणावर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी उपकेंद्रांतल्या सिरियल-ते-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअरच खराब करून टाकलं, म्हणजे ब्रेकर दुरून पुन्हा चालवता येऊ नयेत. डबी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा, बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएनमधून या, आणि डबीत 'फक्त या आयपीला परवानगी' अशी यादी असते तिच्यात सर्व्हरचा पत्ता भरा. टेलनेट, एसएनएमपी असं जे लागत नाही ते बंद.

शेवटी डबीचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल पॅनेलच्या ड्रॉइंगसोबत ठेवा. डबीवर एक स्टिकर: आयपी, मॅक पत्ता (कारखान्यातून प्रत्येक डबीला मिळालेला क्रमांक), मोड, डेटा पोर्ट, बॉड आणि पॅरिटी, पलीकडचं यंत्र. डबी कधी बदलावी लागली तर फाइल नव्या डबीत चढते, पण मॅक पत्ता बदलतो. पत्ता डीएचसीपीमध्ये मॅकला बांधून ठेवला असेल किंवा स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावली असेल, तर नवी डबी दिवे लावून बसेल आणि नेटवर्कवर दिसणार नाही. तेव्हा नवा मॅक नेटवर्कवाल्यांना आधी कळवा आणि मगच जुनी काढा.